बेसबॉलच्या अकरा पुस्तकांचं निर्लेखन

'निर्लेखन' हा शब्द अविनाशराव खांबेट्यांनी सरकारी परिपत्रकांतून पुष्कळदा वाचला होता. सभ्य भाषेत त्याचा अर्थ 'नोंदीतून वगळणे' आणि खऱ्या भाषेत 'रद्दीत घालणे' असा होतो, हेही त्यांना ठाऊक होतं. पण मार्चच्या दोन तारखेला पनवेलच्या सुबोध वाचनालयात ग्रंथपाल रुचिराने त्यांच्यासमोर एक कागद सरकवला आणि त्यावर तो शब्द एकाखाली एक अकरा वेळा दिसला, तेव्हा कुणीतरी आपल्याला चारचौघांत अकरा वेळा 'उठा' म्हटल्यासारखं त्यांना वाटलं.

विषय, बेसबॉलचा प्रारंभीचा इतिहास. भाषा, इंग्रजी. प्रती, अकरा. देणगीदार, अ. वि. खांबेटे. मागील तीन वर्षांतील देवघेव, शून्य. निर्लेखनाची तारीख, ३१ मार्च.

"काका, मी नाही केलं हे," रुचिरा म्हणाली. "तीन वर्षं पुस्तक बाहेर गेलं नाही की कॉम्प्युटर त्याला आपोआप लाल करतो."

"पण मी तर ती रोज वाचतो."

"इथे बसून वाचता. ते मोजत नाहीत. घरी न्यायला हवी होती तुम्ही."

आता हे रुचिराला कसं सांगायचं, की आपणच देणगी दिलेली पुस्तकं आपणच घरी न्यायची अविनाशरावांना लाज वाटत असे? भाचीला लग्नात पैठणी द्यायची आणि पुढच्या महिन्यात मुंजीला नेसायला तीच मागून आणायची, असलाच तो प्रकार. म्हणून ते गेली तीन वर्षं रोज अकरा ते एक खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ती अकरा पुस्तकं आळीपाळीने वाचत होते. चार आवर्तनं झाली होती. कॉम्प्युटरच्या मते या काळात त्या पुस्तकांना माणसाचा हात लागला नव्हता.

बेसबॉल त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. टीव्हीवर लागला तर ते चॅनल बदलत, कारण खेळाडूंनी हातमोजे घातल्यानंतरच्या बेसबॉलशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव होता तो त्याआधीच्या काळावर. नियम ठरलेले नव्हते, प्रत्येक गाव आपापल्या पद्धतीने खेळत होतं आणि आपलीच पद्धत खरी म्हणून भांडत होतं, त्या काळावर. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही हा खांबेट्यांच्या घरातला जुना नियम होता.

वाचनालयाचे कार्यवाह सत्यजीत गुप्ते आतल्या खोलीत बसत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना दया यायची ती नियमात बसली तरच.

"खांबेटे, मी तरी काय करू?" गुप्ते म्हणाले. "जागा नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना कपाट हवंय. आणि बेसबॉल कोण वाचणार हो पनवेलात? तेसुद्धा सुरुवातीचा इतिहास. शेवटचा असता तर गोष्ट वेगळी."

"मी नेतो घरी. आजपासून."

"देणगीदाराने स्वतःचंच पुस्तक नेलं तर तपासणीला आलेला माणूस काय म्हणेल? म्हणेल, यांनी कपाट फुकट वापरलं. नको. तुमच्या घराबाहेरच्या कुणी न्यायला हवं. प्रत्येक पुस्तक एकदा तरी. एकतीस तारखेच्या आत."

अविनाशराव 'बरं' म्हणून बाहेर आले. अठ्ठावन्न वर्षांच्या वाचनात आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते 'बरं' म्हणूनच बाहेर येत आले होते. पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते थांबले, परत वर गेले, आणि दारातूनच म्हणाले, "मी एक यादी करतो. शिफारस केलेलं वाचन. ती लावाल का फलकावर? जमलं तर?"

गुप्त्यांनी अर्ज द्यायला सांगितलं.

यादी करायला त्यांना चार दिवस लागले. एका पानात अकरा पुस्तकं, प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं, एवढंच काम. पण कुठलंही पुस्तक चांगलं आहे असं आपण म्हणणं म्हणजे आगाऊपणा, असं त्यांना दर वाक्यागणिक वाटे. पाचव्या दिवशी त्यांनी तो कागद पत्नीला, नीताबाईंना, वाचायला दिला. नीताबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"'क्रमांक एक. हे पुस्तक काहींना कदाचित रोचक वाटू शकेल. मात्र पहिली साठ पानं कंटाळवाणी आहेत, त्याबद्दल क्षमस्व.' अहो, ही तुम्ही लिहिली होती का पानं?"

"नाही. पण शिफारस माझी ना."

"'क्रमांक चार. लेखकाचं म्हणणं बहुधा चुकीचं आहे. तरीही, वेळ असल्यास.' 'क्रमांक सात. छपाई बारीक आहे. डोळ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वाचू नये.'" नीताबाईंनी कागद खाली ठेवला. "हे वाचून माणूस पुस्तक न्यायला येईल का तुम्हाला भेटायला येईल, सांत्वनाला?"

सगळे 'कदाचित' काढले तर यादी अर्ध्या पानात बसली.

फलकाची कथा वेगळीच. फलकाला काच होती, काचेला कुलूप होतं, आणि किल्ली योगवर्गाच्या बाईंकडे होती, त्या नाशिकला गेल्या होत्या. अर्जावर आवक क्रमांक पडला. दोन दिवसांनी गुप्त्यांनी हरकत घेतली की 'शिफारस' या शब्दावरून समितीने शिफारस केली असं वाटतं, तर समितीची मंजुरी लागेल. समिती महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसे. हा रविवार तीस तारखेला येत होता.

"म्हणजे मंजुरी तीसला, किल्ली तोवर आली तर यादी लागणार तीसला, आणि पुस्तकं जाणार एकतीसला," अविनाशरावांनी हिशेब मांडला.

"एक दिवस मिळतोय की," गुप्ते म्हणाले.

घरी येताना लिफ्टमध्ये शेजारच्या हेतलबेन भेटल्या. अविनाशरावांच्या हातातला कागद त्यांनी सहज घेतला, सहज वाचला आणि सहज त्याचा फोटो काढला.

"अंकल, बोर्डवर कोण वाचतं हल्ली? आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकायचं. झालं, टाकलं पण."

"अहो पण मंजुरी..."

"ग्रुपवर कसली मंजुरी? ग्रुपची ॲडमिन मीच."

संध्याकाळपर्यंत यादीला उत्तरं आली ती अशी. एका फुलाखाली 'शुभ संध्याकाळ'. 'उद्या पाणी उशिरा येईल'. तिसऱ्या मजल्यावरून, 'अंकल, बॅच कधीपासून? वीकेंडला आहे का?' यादी तिथून कुणीतरी अविनाशरावांचा नंबर जोडून कामोठ्याच्या कुठल्याशा क्लासच्या ग्रुपवर टाकली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी अविनाशरावांना आठ फोन आले. बेसबॉल खेळल्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात का, हे सगळ्यांना हवं होतं. एका गृहस्थांनी खारघरहून विचारलं की मुलगी खेळणार नाही, तिला उन्हाचा त्रास आहे, पण इतिहास पाठ करेल, तर अर्धे गुण मिळतील का?

"मी त्यांना म्हटलं की माझा क्लास नाही," अविनाशराव नीताबाईंना म्हणाले. "तर ते म्हणाले, मग घरी येऊन शिकवता का?"

आणि मग ग्रुपवर शिवाशेठ बोलले.

याचं महत्त्व बाहेरच्याला कळायचं नाही. शिवाशेठ घरत म्हणजे ही इमारत बांधणारे, जवळच्या गव्हाण गावचे. इमारत पुरी झाल्यावरही ते ग्रुपवर राहिले होते, कारण त्यांना काढायचं कुणी हा प्रश्न सुटला नव्हता. गच्चीच्या गळतीबद्दल सहा वर्षांत त्या ग्रुपवर एकशे चाळीस निरोप पडले होते आणि शिवाशेठनी त्यांतल्या एकालाही उत्तर दिलं नव्हतं. त्या शिवाशेठनी बेसबॉलच्या यादीखाली लिहिलं, 'मास्तरांचा नंबर पाठवा.'

"गळतीचं पण विचारा अंकल," हेतलबेन दारातून सांगून गेल्या. "लोखंड गरम आहे."

अविनाशराव मास्तर नव्हते. ते विमा कचेरीत अभिलेख विभागात होते. पण शिवाशेठ दुसऱ्या दिवशी घरी आले, सोफ्यावर बसले आणि चहा येईपर्यंत त्यांनी इतक्यांदा 'मास्तर' म्हटलं, की आता दुरुस्ती करणं अविनाशरावांना उद्धटपणाचं वाटलं.

"मास्तर, आमची टुर्नामेंट हाय, पंधरा तारखेला. टेनिस बॉलची. दर वर्साला करतो. पण आता सगली गावं करतात. बाजूच्या गावानं यंदा मोटरसायकल ठेवलीय बक्षिसाला. तर मना कायतरी नवीन पायजे. बेसबॉलचा एक सामना ठेवू मधी. तुमी सांगा कसा खेलतात."

"पण त्याला साहित्य लागतं. हातमोजे, शिरस्त्राण..."

"ते नाय आपल्याकडं."

अविनाशरावांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच, जणू शेजारच्याची चहाडी करत असल्यासारखे म्हणाले, "तसं पाहिलं तर सुरुवातीला त्यांच्याकडेही नव्हतं."

"काय नव्हतं?"

"काहीच. हातमोजे नाहीत. चेंडू खालून टाकायचा."

"म्हंजे अंडरआर्म?"

"अंडरआर्म. आणि चेंडू जमिनीवर एकदा पडून झेलला तरी आऊट."

शिवाशेठनी कप खाली ठेवला. "एक टप्पा आऊट?"

"एक टप्पा आऊट. काही गावांत पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला तरी आऊट. अर्थात हे दोन नियम एका गावातले नव्हेत, त्यामुळे एकत्र वापरणं इतिहासाला धरून..."

"गव्हाणला दोनी चालतील," शिवाशेठ म्हणाले. "मास्तर, हा तं आमचाच खेल हाय. गोऱ्यांनी नुसतं नाव ठेवलंय."

त्या भरात अविनाशरावांनी आयुष्यातली सर्वांत धाडसी गोष्ट केली. त्यांनी अट घातली. मैदानाशेजारी एक टेबल हवं. त्यावर अकरा पुस्तकं असतील, रुचिरा रजिस्टर घेऊन बसेल, आणि ही यादी चार लोकांना दिसेल अशी कुठेतरी लावायची. "जमलं तर," हे त्यांनी शेवटी जोडलंच.

"दिसेल अशी ना?" शिवाशेठ उठत म्हणाले. "तुमी काय टेन्शन घेऊ नका."

गळतीचं विचारायचं राहिलं.

बारा तारखेला नीताबाईंना उलव्याला बहिणीकडे जायचं होतं. रिक्षात अविनाशराव उजव्या बाजूला बसले होते. उरणच्या रस्त्याला वळल्यावर रिक्षावाल्याने आरशात एकदा पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, मग रिक्षा बाजूला घेतली.

"ते तुमीच ना?" त्याने विचारलं.

रस्त्याच्या कडेला वीस फुटी फ्लेक्स होता. वर 'गव्हाण चषक'. त्याखाली सोनेरी अक्षरांत 'बेसबॉलचा प्रारंभीचा इतिहास : शिफारस केलेले वाचन'. डाव्या बाजूला शिवाशेठ, हात जोडून. खाली शुभेच्छुकांचे सव्वीस फोटो, त्यांत एक तान्हं मूल, ज्याचा पहिला वाढदिवस त्याच आठवड्यात होता. आणि मधोमध, सर्वांहून मोठे, अविनाशराव. फोटो वाचनालयाच्या ओळखपत्रावरचा होता. तो मुळात अंगठ्याएवढा, फ्लेक्सवर सहा फुटांचा झाला होता, त्यामुळे अविनाशरावांच्या चेहऱ्यावर कायम असणारा संकोचही सहा फुटांचा झाला होता. फ्लेक्सवाल्याने त्यांच्या डोक्यामागे किरणं काढली होती. नावाआधी 'बेसबॉल महर्षी' होतं.

यादी अगदी तळाशी होती. ती वाचायला खांबावर चढावं लागलं असतं, किंवा गटारात उतरावं लागलं असतं.

"अहो," नीताबाई फ्लेक्स नीट न्याहाळून म्हणाल्या, "शर्ट इस्त्रीचा नव्हता तुमचा त्या दिवशी."

असे फ्लेक्स एकूण नऊ होते. पनवेलच्या बाजूला लावलेल्या एकाखालून अविनाशरावांना रोज वाचनालयात जावं लागे. ते पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागले. तेरा तारखेला त्यांनी ठरवलं की ताप आला असं कळवावं. थर्मामीटर लावूनही पाहिला, सत्त्याण्णव. चौदाला रुचिराने सांगितलं की रद्दीवाल्याला एक तारखेची वेळ दिली आहे, गुप्त्यांनी गाठोडी बांधून ठेवायला सांगितलीत. अविनाशराव कपाटाकडे गेले. त्यांनी अकराही पुस्तकं कपाटातून काढली, एकेकाची धूळ रुमालाने पुसली आणि दोन पिशव्यांत भरली.

"उद्या सातला निघू," ते रुचिराला म्हणाले. "मंजुरी मी मागत नाही. मैदानावर मांडून बसायला मंजुरी लागते असं घटनेत कुठे लिहिलेलं नाही."

"घटना?"

"संस्थेची घटना. चौतीस पानांची आहे. काल पुन्हा वाचली."

रुचिराने नोकरीच्या पाच वर्षांत ती घटना वाचलेला माणूस पाहिला नव्हता.

पंधरा तारखेला मैदानावर पाच-सहाशे माणसं होती. मांडवात गुप्तेही होते, कारण शिवाशेठनी त्यांना प्रमुख पाहुणे केलं होतं आणि फ्लेक्सवर पंधराव्या क्रमांकावर त्यांचा फोटो होता. टेबलावर पुस्तकं मांडली होती. येणारी माणसं ती पाहत, एखादं उचलत, इंग्रजी आहे असं कळलं की ज्या हळुवारपणे उचललं त्याच हळुवारपणे खाली ठेवत. दोघांनी बक्षीस समजून कितव्या नंबरला कुठलं आहे असं विचारलं. साडेदहापर्यंत रुचिराच्या रजिस्टरचं पान कोरं होतं.

मग माईकवरच्या माणसाने 'बेसबॉल महर्षी' असा पुकारा केला.

अविनाशरावांनी भाषण लिहून आणलं होतं, नऊ पानं. पहिलं वाक्य होतं, 'मी या विषयातला जाणकार नाही.' ते त्यांनी वाचलं. लोकांनी ते खरं मानलं आणि वडापावच्या गाडीकडे निघाले. दुसऱ्या पानापर्यंत समोर शिवाशेठची आई हौसाआय आणि तिच्यासोबतच्या चार बायका एवढंच उरलं होतं, आणि त्या मांडवाला सावली होती म्हणून बसल्या होत्या. हौसाआयने तरुणपणी मिठागरात काम केलं होतं, नंतर पाच वर्षं सरपंचकी केली होती. गावात तिच्या पुढ्यात मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती.

अविनाशरावांनी पान उलटलं. घामाने पुढची दोन चिकटली होती. त्यांनी कागद खिशात घातला.

"अमेरिकेत या खेळाचा जो फार जुना उल्लेख सापडतो ना," ते म्हणाले, "ती एक नोटीस आहे. गावच्या सभागृहाच्या खिडक्या फुटतात, तेव्हा जवळपास कुणी बेसबॉल खेळू नये. सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली त्याला. म्हणजे खेळ कुणी काढला ते ठाऊक नाही. पण बंद कुणी करायला सांगितला, ते लिहून ठेवलेलं आहे."

हौसाआय हसली. "समितीच असंल ती," ती म्हणाली.

"समितीच होती."

मग गुप्ते सोडून मांडवातले सगळे हसले, आणि काय झालं म्हणून गाडीकडची निम्मी माणसं वडापाव घेऊन परत आली.

सामना सुरू झाला. शिवाशेठ स्वतः एका बाजूचे कप्तान होते. वय पन्नास, पोट मांडवाच्या दिशेने, पण हातात ताकद. पहिल्या दोन खेळाडूंना पळताना पाठीत चेंडू बसला आणि गावाला खेळ एकदम पटला. मग शिवाशेठनी अंडरआर्म आलेला चेंडू असा टोलवला की तो सरळ रस्त्याकडे गेला, जमिनीवर एक टप्पा पडला, तिथे उभ्या पाण्याच्या टँकरवर आपटला आणि परत आलेला एकाने झेलला.

"आऊट," एक बाजू म्हणाली.

"टँकरला लागला, दोन टप्पे झाले," दुसरी म्हणाली.

दहा मिनिटांत दोन्ही संघ, पंच आणि टँकरचा ड्रायव्हर मांडवात आले. पंच म्हणाला, "मास्तर, बुकात काय हाय बघा. बुक ठेवलंय ना समोर."

अविनाशराव टेबलाशी गेले. त्यांनी तिसरं पुस्तक उघडलं, मग सहावं, मग बारीक छपाईचं सातवं. सगळं मैदान वाट पाहत होतं. आयुष्यात ते वाचत असताना कुणी वाट पाहिलेली नव्हती. पान सापडल्यावर त्यांनी मागचं आणि पुढचंही पान वाचलं, कारण अर्धवट वाचून निकाल देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्याच वेळी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. शिवाशेठला आऊट दिलं, तर टेबल आवरावं लागेल. मैदान शिवाशेठचं, मांडव शिवाशेठचा, टेबलही शिवाशेठचं. अजून एकही पुस्तक गेलं नव्हतं. नॉट आऊट म्हटलं असतं तर शिवाशेठनी एका हाकेत अकरा माणसं रजिस्टरपुढे उभी केली असती.

गुप्त्यांनाही ते कळलं असावं. ते कानाशी येऊन पुटपुटले, "खांबेटे, टँकरबद्दल पुस्तकात असणं शक्य नाही. नॉट आऊट म्हणा आणि सोडा."

"टँकरबद्दल पुस्तक गप्प आहे," अविनाशराव मोठ्याने म्हणाले. "जमिनीबद्दल गप्प नाही. जमिनीला चेंडू एकदाच लागला. शिवाशेठ आऊट."

शिवाशेठ बॅट धरून उभे राहिले. "मास्तर, पुन्यांदा बघा," ते म्हणाले, आवाज गोड होता.

"तीन पुस्तकांत पाहिलं. चौथ्यात पाहायचं तर पाहतो, पण तुम्ही तिथेही आऊटच आहात."

"शिवा," हौसाआय खुर्चीतून म्हणाली, "आऊट म्हंजे आऊट. बॅट ठेव आनि ये सावलीला."

शिवाशेठ सावलीला आले. पाणी प्यायले. मग टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "आये, ते बुक आपल्या घरात पायजे. परत कोनी बोलला तं दाखवाया."

"एक नको," हौसाआय म्हणाली. "सगली पायजेत. उद्या दुसऱ्या गावानं दुसरं बुक आनलं मंग?"

रुचिराने पेन उघडलं. गुप्त्यांनी तिच्या पेनावर हात ठेवला.

"क्षमा करा, पण सभासदत्व फक्त पनवेल शहरातल्या रहिवाशांना मिळतं. गव्हाण शहराच्या हद्दीत येत नाही. नियमच आहे. माझा नाइलाज आहे."

"टँकर आमचा शहरात जातो," शिवाशेठ म्हणाले. "फ्लॅट आमी शहरात बांधतो. आनि बुक घ्यायला आमी भाईरचे?"

अविनाशराव पुढे झाले. पुढे होताना त्यांचा धक्का लागून टेबलावरची पाण्याची बाटली पडली, ती त्यांनी आधी उचलून नीट ठेवली, मग बोलले.

"कलम एकोणीस, गुप्ते. पान अठ्ठावीस. 'परिसरातील गावांसाठी संस्था ग्रंथपेटी पाठवील. पेटीसाठी एका आजीव सभासदाने हमी द्यावी. पेटीतील प्रत्येक ग्रंथाची देवघेवीत स्वतंत्र नोंद व्हावी.' आजीव सभासद मी आहे. हमी मी देतो."

"ती योजना चाळीस वर्षांपूर्वीच बंद पडली."

"बंद पडली. पण बंद केलेली नाही. तसा ठराव मला कुठे सापडला नाही. एकोणऐंशीपासूनची इतिवृत्तं पाहिलीत मी."

गुप्त्यांनी रुमाल काढला. ते नियमाचे शत्रू नव्हते. खरं तर नियम सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधानच पसरलं. "पेटी लागेल," ते एवढंच म्हणाले. "घटनेत पेटी म्हटलंय. पिशवी चालणार नाही."

चषक ज्या पत्र्याच्या पेटीतून आले होते ती रिकामी करण्यात आली. रुचिराने अकरा नोंदी केल्या, एकाखाली एक. 'वाचक' या रकान्यात तिने 'हौसाबाई घरत, गव्हाण' असं अकरा वेळा लिहिलं.

पेटी घरी गेल्यावर हौसाआयने पहिलं पुस्तक उघडलं, चार पानं उलटली आणि दुसऱ्या दिवशी अविनाशरावांना फोन केला. "मास्तर, हे सगलं इंग्लिस हाय. ऐतवारी या आनि वाचून सांगा. हमी तुमी दिलीय."

ते गेले. पहिल्या रविवारी सात माणसं होती, दुसऱ्या रविवारी एकवीस. ते एक परिच्छेद वाचत, मराठीत सांगत आणि मग वादाला अर्धा तास जाई. एका समितीने एका म्हाताऱ्याच्या पत्रावर विसंबून या खेळाचा जनक म्हणून एका लष्करी अधिकाऱ्याचं नाव जाहीर केलं होतं, आणि ते खोटं होतं, हे ज्या दिवशी त्यांनी सांगितलं, त्या दिवशी चहा दोनदा झाला. जमीन संपादनाच्या वेळी कुणाच्या पत्रावरून कुणाची जमीन कुणाच्या नावे दाखवली गेली, ते सगळं तेव्हा निघालं. अविनाशरावांना त्या पुस्तकात आजवर न दिसलेल्या तीन गोष्टी दिसल्या आणि त्या त्यांनी घरी येऊन वहीत टिपून ठेवल्या. बोलताना ते अजूनही अडखळत. पण अडखळले की हौसाआय म्हणे, "सावकास. बुक काय पलून नाय चाललं."

मे महिन्यात तपासणी ठरली. गुप्त्यांनी गव्हाणला रीतसर पत्र पाठवलं की सर्व ग्रंथ पडताळणीसाठी तात्काळ परत करावेत. आठ दिवसांनी उत्तर आलं, शिवाशेठच्या लेटरहेडवर. मजकूर हौसाआयने सांगितला होता, सरपंचकीची पाच वर्षं त्यात दिसत होती. रुचिराने ते अविनाशरावांच्या टेबलावर आणून ठेवलं. खिडकीजवळच्या त्या टेबलावर आता पुस्तक नव्हतं, नुसती वही होती.

'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अकरापैकी दोन ग्रंथ वाचून झाले आहेत. उर्वरित नऊ वाचनात असल्याने परत करता येत नाहीत. तपासणी अधिकाऱ्यांनी स्वतः गव्हाणला यावे. रविवारी यावे. गप्प बसून ऐकावे.'

अविनाशरावांनी ते दोनदा वाचलं. 'वाचनात असल्याने' या शब्दांवर त्यांची नजर थोडी जास्त वेळ राहिली. मग त्यांनी चष्मा पुसला.

"काका, गुप्तेकाका विचारतायत, याला उत्तर काय द्यायचं?" रुचिरा म्हणाली.

"उत्तर कशाला?" अविनाशराव म्हणाले. "आवक नोंदवहीत क्रमांक टाक. आणि अधिकारी येणार असतील तर आधी कळवायला सांग. हौसाआयला एक खुर्ची जास्त मांडावी लागेल."